एका खिट्टीचा बंदोबस्त

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी मनुष्याच्या पराक्रमाची सरहद्द ज्या वडीलधाऱ्यांनी आखून दिली, त्यांच्या हयातीत घरच्या घरी विमान बांधण्याची सोय नव्हती, हे त्यांचे आणि त्याहूनही अधिक त्यांच्या कुटुंबीयांचे भाग्य म्हटले पाहिजे. घराचे किंवा लग्नाचे काम कितीही रेंगाळले तरी त्याला मुहूर्त असतो, मुहूर्ताला पाहुणे असतात, आणि कार्य अपुरे राहिले तरी पाहुणे जेवून जातात. घरगुती विमानाला मुहूर्त नसतो. ते मोटारीच्या जागेत जन्माला येते, मोटारीला अंगणात हाकलून देते, वर्षानुवर्षे पंखांवाचून पडून राहते, आणि 'विमान केव्हा उडणार?' असे विचारणाऱ्या प्रत्येक शेजाऱ्याला त्याचा मालक 'येत्या उन्हाळ्यात' असे उत्तर देतो; कोणत्या उन्हाळ्यात, याचा खुलासा तो करीत नाही, आणि जाणता शेजारी तो मागत नाही.

हे वेड केवळ परदेशी आहे, अशी मात्र कोणी समजूत करून घेऊ नये. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले, आणि २०१६ साली वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी डोळ्यांनी पाहिले. ज्या गच्चीवर पापड वाळत घालण्यावरूनही सोसायटीची तातडीची सभा बोलावली जाते, तेथे विमान बांधून होते, ही गोष्ट वैमानिकाच्या कौशल्यापेक्षा त्याच्या शेजाऱ्यांच्या स्वभावावर अधिक प्रकाश टाकणारी आहे. तथापि या छंदाला राजाश्रय मिळाला तो अमेरिकेत. तेथील कायद्याने हौशी विमानकर्त्याला रीतसर सनद दिली असून विमानाचे निम्म्याहून अधिक काम त्याने स्वहस्ते केलेले असावे आणि ते केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी अथवा मनोरंजनासाठी केलेले असावे, ही तिची मुख्य अट आहे. ज्याचे शिक्षण आणि मनोरंजन होते तो एक मनुष्य कायद्याच्या नजरेस आला. ज्यांचे दोन्हीही होत नाही अशा त्याच्या घरच्या माणसांविषयी कायदा मौन पाळतो. पुढे विमान सिद्ध झाल्यावर आत शिरणाऱ्याला दिसेल अशा ठिकाणी 'प्रायोगिक' हा शब्द निदान दोन इंच उंचीच्या अक्षरांत लिहावा लागतो, आणि हे विमान हौशी माणसाने बांधलेले असून प्रमाणित विमानांच्या सुरक्षानियमांत ते बसत नाही, अशी पाटी प्रवाशाच्या डोळ्यांसमोर लावावी लागते. यजमानाने पाहुण्याला उंबरठ्यावरच असा जाहीरनामा वाचावयास लावण्याचा शिरस्ता इतर कोणत्याही आतिथ्यात माझ्या पाहण्यात आलेला नाही.

पॉल पोबरेझ्नी या गृहस्थांनी १९५३ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी येथे अशा हौशी मंडळींची 'एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' ही संस्था स्थापिली, आणि १९७० पासून तिची जत्रा त्याच राज्यातल्या ऑशकॉश गावी भरू लागली. जुलैअखेरच्या त्या आठवड्यात ऑशकॉशच्या विमानतळावर इतकी विमाने उतरतात की जगातला सर्वांत गजबजलेला नियंत्रण-मनोरा म्हणून त्याची ख्याती होते. दुसरीकडे ओरेगन राज्यात रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हन यांनी विमानाचे सुटे भाग पेटाऱ्यांत घालून विकण्याचा व्यवसाय उभारला, आणि त्यांच्या 'आरव्ही' कुळातली दहा हजारांहून अधिक विमाने लोकांनी आपापल्या घरी जोडून उडविली. पेटारे एकदम येत नाहीत. प्रथम शेपटी येते, मग पंख, मग धड, आणि सर्वांत शेवटी उरलेसुरले सामान. शेपटी स्वस्त असते आणि लवकर होते, त्यामुळे मनुष्य मोहात पडतो. या मंडळींत एक वचन फार प्रचलित आहे: नव्वद टक्के काम झाले, आता नव्वद टक्केच उरले. गणिताला हे वचन मान्य होणार नाही. परंतु ज्या घरात विमान आहे त्या घरात गणिताला फारसे कोणी विचारीत नाही.

आमचे एक मावसबंधू, ज्यांना लहानपणापासून आम्ही दादा म्हणतो, नोकरीनिमित्त विस्कॉन्सिनात स्थायिक झाले, आणि ऑशकॉशची जत्रा घराजवळ भरत असल्यामुळे त्यांचे पुढील आयुष्य ठरून गेल्यासारखेच झाले. मी त्यांच्याकडे ऐन जानेवारीत पाहुणा म्हणून गेलो तेव्हा गॅरेजमध्ये एका दोन आसनी विमानाचे संपूर्ण धड तीन चाकांवर उभे होते, पंख भिंतीला टेकले होते, हजारो रिव्हेट ठोकून झाले होते, इंजिन बसले होते, आणि विमानात आता खिट्टी तेवढी बसवायची राहिली आहे, असे दादांनी मला मोठ्या सहजपणे सांगितले. वहिनी तेथेच उभ्या होत्या. "भाऊजी, तेवढी हा शब्द मागल्या दिवाळीपासून चालू आहे," एवढेच त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

येथे वाचकाच्या माहितीसाठी थोडे सांगितले पाहिजे. वैमानिकाच्या डोक्यावर पारदर्शक घुमटासारखे जे झाकण असते त्याला कॅनोपी म्हणतात, ते बंद ठेवते ती ही खिट्टी, आणि ते उघडावे कसे यावरून या संप्रदायात दोन पंथ पडलेले आहेत. एक पंथ ते पुढच्या बाजूला बिजागरी लावून वर उचलतो, दुसरा ते रुळांवरून मागे सारतो. उचलणारे सांगतात की त्यांच्या मार्गात मध्ये कमान येत नाही, समोरचे आकाश निर्वेध दिसते आणि यंत्रफलकाच्या पाठीमागे हात घालणे सोपे जाते. सारणारे सांगतात की जमिनीवरून धावपट्टीकडे जाताना कॅनोपी मागे सारून अंगावर वारा घेता येतो. शैव आणि वैष्णव यांच्या वादात जितके नवीन मुद्दे उरले असतील तितकेच याही वादात उरले आहेत. खरे कारण दोन्हीकडे कोणी बोलून दाखवीत नाही. स्पिटफायर, हरिकेन आणि मस्टँग या तिन्ही युद्धविमानांची झाकणे मागे सरकत; आणि चाळिशी उलटलेल्या, पोट सुटलेल्या, कर्जाचे हप्ते नियमित भरणाऱ्या गृहस्थाला रविवारी सकाळी एका हाताने कॅनोपी मागे सारून पंखावर पाऊल ठेवताना आपण कसे दिसतो, याचे चित्र पेटाऱ्याचा पहिला खिळा उपटतानाच डोळ्यांपुढे उभे असते. स्पिटफायरच्या दाराला आतून एक छोटी पहार अडकवलेली असे, आणि झाकण अडकल्यास तिने ते उचकटावयाचे असे, ही गोष्ट मात्र त्या चित्रात नसते.

कॅनोपीचे द्रव्य म्हणजे ॲक्रिलिक. १९३० नंतरच्या दशकात जर्मनीत 'प्लेक्सिग्लास' आणि इंग्लंडात 'पर्स्पेक्स' या नावांनी ते बाजारात आले. ते काचेहून हलके, काचेइतके स्वच्छ आणि स्वभावाने काचेहून अधिक मानी असते. थंडीत त्याला भोक पाडावयास गेल्यास ते तडकते. साध्या ड्रिल बिटने पाडावयास गेल्यास बिट धरून ठेवते आणि मग तडकते. कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत केल्या नाहीत तर त्या दिवशी काही न बोलता पुढे कधीतरी रात्री एकटे असताना तडकते. त्यासाठी बिटाचे टोक निराळ्या कोनात घासलेले लागते, कापण्यासाठी करवतीऐवजी फिरती चकती वापरतात, आणि खोलीत पंचविसेक अंशांची ऊब असल्याखेरीज त्याला हात लावीत नाहीत. ॲक्रिलिकचे काम चाले त्या दिवसांत दादांच्या गॅरेजला बाळंतिणीच्या खोलीची कळा येई: दार कोणी उघडावयाचे नाही, वारा आत येऊ द्यावयाचा नाही, कोपऱ्यात हीटर अखंड धगधगत ठेवावयाचा, आणि बोलावयाचे ते हळू आवाजात. स्वयंपाकघरात मात्र वहिनी स्वेटर घालून वावरत होत्या, कारण विजेचे बिल एकच येते.

या ॲक्रिलिकविषयी एक हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १५ ऑगस्ट १९४० रोजी इंग्लंडच्या आकाशातल्या लढाईत गॉर्डन क्लीव्हर या हरिकेनच्या वैमानिकाच्या कॅनोपीवर गोळी बसली आणि पर्स्पेक्सच्या कपच्या त्याच्या दोन्ही डोळ्यांत शिरल्या. त्यांतल्या काही डोळ्यातच राहिल्या, आणि तरी त्या डोळ्याने त्यांच्याविरुद्ध काही तक्रार केली नाही, हे हॅरोल्ड रिडले या नेत्रवैद्याच्या ध्यानात आले. मोतीबिंदू काढून टाकल्यावर रिकाम्या राहणाऱ्या जागी याच द्रव्याचे भिंग का बसवू नये, असा विचार त्याने केला आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया केली. त्याच्या व्यवसायबंधूंनी त्याला कित्येक वर्षे वेड्यात काढले, आणि २००० साली सरकारने त्याला 'सर' केले. आज आपल्या गावोगावच्या शिबिरांत 'लेन्स टाकून' आलेल्या आजीबाई रात्री दिव्याखाली गव्हातले खडे बिनचूक वेचतात, त्या दृष्टीचे मूळ एका फुटलेल्या कॅनोपीत आहे. दादांना ही हकीकत ठाऊक होती. वहिनी बिलाविषयी बोलू लागल्या की ते ती सांगत.

आता खिट्टी. घराच्या दाराला कडी-कोयंडा लावणारा सुतार संध्याकाळी मजुरी घेऊन जातो आणि पुढे तीस वर्षे त्याचे नाव कोणी काढीत नाही, म्हणून हे काम क्षुद्र आहे असा सर्वसाधारण ग्रह आहे. परंतु घराच्या कडीकडून आपण फारच थोडी अपेक्षा करतो. विमानाच्या खिट्टीने वैमानिकाची इच्छा असेपर्यंत कोणत्याही परिस्थितीत उघडता कामा नये. इच्छा होताच, तो घाबरलेला असला, हातमोजे घातलेला असला किंवा उलटा लोंबकळत असला तरीही, एका हिसक्यात उघडली पाहिजे. बाहेरून धावत आलेल्या, हे विमान जन्मात न पाहिलेल्या परक्या माणसाला ती शिकवल्यावाचून उघडता आली पाहिजे. आणि विमान उघड्यावर उभे असताना आतला रेडिओ पाहून ज्याला मोह होईल त्याला मात्र ती उघडता येता कामा नये. एकाच इसमाने दारावरचा पहारेकरी, दाराशी येणाऱ्याचे स्वागत करणारा आणि पळून जाणाऱ्याचा वाटाड्या, अशा तिन्ही जागांचा कारभार एकाच पगारात पाहावा, अशी ही मागणी आहे. तिच्यासाठी पेटाऱ्यात आलेला माल म्हणजे पोलादाचा एक आकडा, एक दांडा, एक स्प्रिंग आणि कागदाची एक पिशवी भरून वॉशर.

योजना दिसावयास सोपी असते. वैमानिकासमोर धडाला पक्की जडलेली पोलादी कमान असते, तिच्यापुढे समोरची स्थिर काच. सरकत्या कॅनोपीच्या पुढच्या कडेला दुसरी कमान. दांडा फिरवला की दुसऱ्या कमानीवरचा आकडा पहिल्या कमानीवरच्या खुंटीला गाठतो आणि कॅनोपीला पुढे ओढून दोन्ही कमानी एकमेकींना भिडवतो. मागच्या दोन कोपऱ्यांत खिळ्यासारख्या पिना ठोकळ्यांत शिरतात, जेणेकरून शेपटीकडची बाजू वर उचलली जाऊ नये. उचलली का जावी, असा प्रश्न मी दादांना विचारला. माझी कल्पना अशी की समोरून वारा येतो म्हणजे झाकण दाबले जात असेल. "अरे, उलट आहे," ते म्हणाले. आणि पेन्सिल घेऊन त्यांनी भिंतीवरच्या प्लायवूडवर आकडेमोड केली. घुमटावरून जाताना हवा वेग घेते, तिचा दाब घटतो, आणि झाकण वर शोषले जाते. समुद्रसपाटीलगत ताशी ३०० किलोमीटर वेगात वाऱ्याचा गतिजन्य दाब दर चौरस मीटरला सुमारे ४३० किलो भरतो, आणि वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. म्हणजे डोक्यावर जे बसले आहे ते बसून राहण्यास मुळीच उत्सुक नसते. शिवाय खाली इंजिन मिनिटाला २,७०० फेरे घेत असते, आणि त्याची थरथर आकड्याला प्रत्येक सेकंदाला अनेकवार एकच विनंती करीत असते, की बाबा, सुट. म्हणून आकडा खुंटीच्या मध्यरेषेच्या किंचित पलीकडे जाऊन विसावला पाहिजे; अलीकडे राहिला तर कोणताही रेटा त्याला उघडतो, पलीकडे गेला तर तोच रेटा त्याला अधिक घट्ट करतो, आणि फारच पलीकडे गेला तर मालकालाही तो उघडू देत नाही. हा किंचितपणा किती, हे नकाशात लिहिलेले नसते. नकाशात 'बसेल असे घासावे' अशा अर्थाचा हुकूम असतो, आणि त्या एका हुकमात दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचा काळ सामावतो.

घासण्याची रीत पाहण्यासारखी होती. दादा आकड्याच्या पोटातली खाच निळ्या मार्करने रंगवीत, दांडा फिरवून आकडा खुंटीवर चढवीत, परत उतरवीत, आणि मग बॅटरीच्या उजेडात भिंग लावून निळा रंग कोठे निघाला ते पाहत. जेथे निघाला तेथे पोलाद खुंटीला अडते; तेथे बारीक कानशीचे दोन हात मारावयाचे, पुसावयाचे, पुन्हा रंगवावयाचे. सबंध संध्याकाळीत जो भुगा पडे तो चिमटीत मावला असता. कानस चालवताना त्यांची जीभ ओठाच्या डाव्या कोपऱ्यात येई, आणि हे काम थंडीतही चालत असल्यामुळे हीटर बंद असे. पोलादाला ॲक्रिलिकसारखे नखरे नाहीत. मी पाहत होतो त्या दिवसांत खाच आणि खुंटी यांत केसाएवढीही फट उरू नये अशी त्यांची जिद्द होती. शेजारचे एक वृद्ध अमेरिकन गृहस्थ, ज्यांचे आयुष्य यंत्रशाळेत गेले होते, ते एकदा येऊन पाहून गेले. "फार छान बसते आहे," असे ते म्हणाले, आणि जाताना 'फार' या शब्दावर त्यांनी दिलेला जोर आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आला नाही.

मग तो दिवस उजाडला. सकाळी कॅनोपीच्या कडेला काही भोके पाडावयाची होती म्हणून हीटर पेटवून ठेवला होता. ती पाडून होण्यापूर्वीच दादांना राहवेना. त्यांनी मला साक्षीदार म्हणून उभे केले, स्वतः आत बसले, कॅनोपी पुढे ओढली आणि दांडा फिरवला. ठक्क असा एक आवाज झाला, की ज्यासाठी माणसे बंगल्याची दारे नव्याने करून घेतात. दादांचा चेहरा उजळला. मी टाळ्या वाजवल्या. त्या उत्साहात ते आतच बसून राहिले आणि काचेआडून मला एकेक तबकडी दाखवू लागले: ही उंचीची, ही वेगाची, ही तेलाच्या दाबाची. हीटर पुढच्या कमानीच्या बरोबर समोर होता. तेलाचे तपमान दाखवून झाल्यावर त्यांनी दांडा उलट फिरवला, आणि दांडा फिरला नाही.

बाहेरून उघडण्याचा दांडा अद्याप बसवलेला नव्हता, कारण तो नकाशाच्या पुढल्या पानावर होता.

दादा बोलत होते, परंतु ॲक्रिलिकमधून शब्द बाहेर येताना त्यांतली व्यंजने गळून नुसते स्वर उरत. वहिनी आल्या. "काय म्हणतायत हे?" त्यांनी विचारले. "वहिनी, बहुतेक अडकलेत," मी म्हणालो. त्यांनी विमानाला एक प्रदक्षिणा घातली, नवऱ्याकडे शांतपणे पाहिले, आणि "बरं दिसतंय," असा अभिप्राय दिला. तो विमानाविषयी होता की प्रसंगाविषयी, हे मी विचारले नाही. तेवढ्यात दादांच्या कपाळावर घाम दिसला. तेव्हा त्या लगबगीने गॅरेजच्या मोठ्या दाराच्या बटणाकडे गेल्या, कारण बाहेर शून्याखाली अठरा अंश होते आणि गार वारा आत आला तर त्यांना बरे वाटेल, असा त्यांचा साधा हिशेब. आणि येथे हौशी विमानकर्त्याच्या अंतःकरणाचे मला जे दर्शन घडले ते विसरणे शक्य नाही. दादांनी दोन्ही तळवे काचेवर ठेवून अशा आकांताने मान हलवली, की जणू आम्ही त्यांना सोडवीत नसून त्यांचा घात करीत आहोत. गरम ॲक्रिलिकवर विस्कॉन्सिनचा जानेवारी एकदम आदळला तर कॅनोपी तडकेल, ही भीती त्यांना स्वतःच्या सुटकेहून मोठी वाटत होती. स्वतः आत राहतील, परंतु झाकणाला इजा होऊ देणार नाहीत. वहिनींनी बटणावरचा हात काढला. "पाहिलंत ना भाऊजी," त्या म्हणाल्या, "लग्नात शपथ माझ्यासमोर घेतली होती."

शेजारच्या गृहस्थांना बोलावणे गेले. ते कोटाची बटणे लावीत आले, त्यांनी आकड्यावर नजर टाकली आणि हीटर केव्हापासून चालू आहे एवढेच विचारले. मग त्यांनी हीटर बंद केला, दार बंदच राहू द्या असे सांगितले, आणि खुर्ची ओढून बसले. कारण त्यांनी माझ्या हातातल्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मांडून दाखवले. ॲक्रिलिक उष्णतेने पोलादाच्या सुमारे सहापट वाढते. सव्वा मीटर लांबीची कॅनोपी २५ अंशांनी तापली तर ती दोन मिलिमीटरांहून अधिक लांब होते, आणि तेवढ्याच लांबीची पोलादी चौकट अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. मागच्या पिना तिला मागे जाऊ देत नाहीत, म्हणून ती पुढे सरकते. आणि थंडीत, केसही जाऊ नये अशा बेताने घासलेली खाच आकड्याबरोबर पुढे सरकून खुंटीला दुसऱ्या बाजूने आवळून धरते. खिट्टी वाईट असती तर उघडली असती, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता. तात्पर्य, वाट पाहणे. हवेची अडचण नव्हती. कॅनोपीच्या कडांच्या फटी बुजवण्याचे काम दादांनी पुढल्या हिवाळ्यावर टाकले होते. वहिनींनी चहा केला. माणसे चार होतो, कप तीन लागले. गृहस्थांनी दादांच्या दिशेने कप किंचित उंचावला, आणि दादांनीही आतून शिष्टाचार म्हणून हात वर केला. गॅरेज निवत गेले तसा दांडा एकदा करकरला आणि मग, कोणी काही न करता, सहज फिरला.

बाहेर आल्यावर दादांनी प्रथम कॅनोपीच्या कडा तपासल्या. मग विमानकर्त्याने ठेवावयाची जी रोजनिशी असते, जिच्यातील नोंदी व छायाचित्रे तपासनिसासमोर पुरावा म्हणून मांडावी लागतात, ती त्यांनी काढली आणि तीत लिहिले: 'खिट्टी बसवली. पकड उत्तम. किरकोळ फेरफार आवश्यक.' मोठमोठ्या संस्थानांच्या दप्तरांतून पराभवाच्या अशाच नोंदी आढळतात.

किरकोळ फेरफार पुढे पावसाळ्यापर्यंत चालले, असे मला पत्राने कळले. खुंटी आता पुढे-मागे सरकवता येईल अशा लांबट भोकांत बसवली आहे, खाच मोकळी केली आहे, ॲक्रिलिकमधली भोके स्क्रूंच्या अंगापेक्षा मोठी केली आहेत म्हणजे ते आपल्या मर्जीने वाढेल आणि आखडेल. जानेवारीत आणि जुलैत, दोन्ही ऋतूंत, आकडा लागतो आणि सुटतो. बाहेरचा दांडा बसला. शेजाऱ्याच्या शाळकरी नातीला बोलावून, काही न सांगता, 'उघड' असे म्हटले, आणि तिने उघडला. आसनाशेजारी एक हातोडी अडकवली आहे. ती स्पिटफायरमधली पहार नव्हे, परंतु तिच्याच वंशातली आहे.

आकाशात खिट्टी सुटल्याच्या हकीकती या मंडळींत पुष्कळ ऐकू येतात, आणि जाणकार सांगतात की त्यांत झाकणाने केलेल्या नुकसानीपेक्षा झाकण धरावयास धावलेल्या हाताने केलेले नुकसान मोठे असते. कॅनोपी उघडी पडली की वारा घोंघावतो, नकाशे उडून जातात, टोपी जाते, आणि वैमानिक काठी सोडून वर हात घालतो. ज्या विमानाचा अद्याप काही अपराध नव्हता ते मग खाली येते. आधी विमान उडवावे, उतरवावे, आणि खिट्टीची चौकशी जमिनीवर करावी, असा या पंथाचा पहिला नियम आहे. राइट बंधू पालथे पडून उघड्यावर उडाले. त्यांच्यापुढे हा प्रश्न कधी उभाच राहिला नाही, आणि त्यांच्या यशाची मीमांसा करणाऱ्यांनी या सवलतीचा विचार केलेला मला आढळत नाही.

दादांच्या विमानाला आता सरकारी दाखला मिळाला आहे. इंजिन आणि पंखा यांची जोडी प्रमाणित असेल तर पहिले २५ तास, नसेल तर ४० तास, मालकाने ते चाचणीसाठी ठरवून दिलेल्या इलाख्यातच उडवावे आणि त्या मुदतीत हौशी प्रवासी आत घेऊ नये, असा कायदा आहे. वहिनींनी तो कलमासकट फ्रिजच्या दारावर चिकटवला आहे, आणि मुदत संपत आली की ती वाढवून मिळण्याची काही तजवीज आहे काय, अशी त्यांनी माझ्याकडे पत्राने चौकशी केली आहे.

वाचकांपैकी कोणाला अशा विमानातून फिरून येण्याचे निमंत्रण आले तर त्याने ते नाकारू नये. यजमान वर्षानुवर्षे त्या दिवसाची वाट पाहत असतो, आणि वरून दिसणारे जग पाहण्यासारखे असते. इंजिन किती अश्वशक्तीचे, पंख कोणत्या धातूचे, हे विचारण्याचे कारण नाही. त्याची उत्तरे न विचारताच मिळतील. आत बसावे, कॅनोपी ओढावी, खिट्टी लावावी, स्वतःच्या हाताने उघडून पाहावी आणि पुन्हा लावावी. यजमानाच्या कपाळाला आठी पडली तर पडू द्यावी, आणि मग पट्टा बांधावा.